आईला घेऊन सोलापूर-पुणे टुरिस्ट गाडीनं: ड्रायव्हरचे बरेवाईट अनुभव सांगा

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालंय, आता तपासणीला अधूनमधून न्यावं लागतंय. स्टेशनचा जिना, गर्दी हे तिला जमत नाही म्हणून इथूनच गाडी करून जातो. ड्रायव्हर दोन्ही टोकांचे भेटले म्हणून विचारतोय.

मागच्या खेपेला गाडी पहाटे पाचला सांगितलेली, आली पावणेसहाला, तेवढं चालतं. पण सावळेश्वरचा टोल ओलांडला तसं ह्या पठ्ठ्यानं मोबाईल स्टँडला लावला आणि रील चालू, स्पीड शंभरच्या आसपास. म्हटलं दादा बंद करा ते, तर म्हणतो झोप येऊ नये म्हणून लावलंय. म्हणजे रात्रभर झोपलाच नव्हता! मुंबईची ट्रिप मारून रात्री दोनला आलेला आणि मालकानं तसाच आमच्याकडं धाडलेला. टेंभुर्णीच्या पुढं त्याची मान एकदा खाली गेली, गाडी डाव्या पांढऱ्या पट्टीवर चढली, टायरचा घर्रर्र आवाज आला तेव्हा दचकून जागा झाला. आई मागं पाय लांब करून बसलेली, तिनं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली ती भिगवण येईपर्यंत सोडली नाही. शेवटी ढाब्यावर गाडी घ्यायला लावली आणि त्याला सीट मागं करून तासभर झोपवलं, तपासणीची वेळ चुकली तर चुकू दे म्हटलं. घरी आल्यावर मालकाचा हिशोब वेगळाच, गॅरेजपासूनचे किलोमीटर, वेटिंग, काय काय लावलेलं.

आणि त्याच्या आधीच्या खेपेला एक मामा होते, पन्नाशीचे, तेलुगू घरचे. गाडी उंच, आईचा पाय वर जाईना. मी काही म्हणायच्या आत त्यांनी डिकीतून प्लॅस्टिकचा छोटा स्टूल काढला, खाली रबराचा तुकडा टाकला घसरू नये म्हणून, आणि दार धरून उभे राहिले. म्हणाले, आमच्याकडं अक्कलकोटला जाणारी म्हातारी माणसं लई असतात, म्हणून स्टूल कायम ठेवतो. वाटेत कुठल्या ढाब्यावर कमोडचा संडास आहे आणि कुठं स्वच्छ असतो हे त्यांना पाठ. आईनं न मागता दोनदा गाडी थांबवली. तेव्हापासून ती म्हणते तोच माणूस बोलाव.

तर विचारायचं हे की गाडी ठरवताना नेमकं काय काय बोलून घ्यायचं? ड्रायव्हरची झोप झाली आहे का हे कसं कळणार? आणि मामांचा नंबर माझ्याकडं आहे, ते दुसऱ्याच्या गाडीवर असतात, त्यांना डायरेक्ट फोन केला तर चालतं का?

सातरस्ता_७७:
आधी हिशोबाचं सांगतो, निम्मी भांडणं तिथंच होतात. बाहेरगावच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाला कमीत कमी 300 किमी धरतात. पुणं जाऊन-येऊन साधारण 500, म्हणजे त्याच दिवशी परत आलात तर 500 चेच पैसे. पण मुक्काम केला की दोन दिवसांचे 600 धरणार, गाडी 500 च पळाली तरी. वर ड्रायव्हर भत्ता आणि नाईट चार्ज वेगळा. हे आधी माहीत असलं की डोकं फिरत नाही. किलोमीटर गॅरेज टू गॅरेज धरायची पद्धत सगळीकडंच आहे, त्यात लबाडी नाही, पण गॅरेज कुठं आहे ते विचारा! तुम्ही जुळे सोलापुरात आणि गाडी निघणार अक्कलकोट रोड एमआयडीसीतून, तर तेवढं अंतर येता-जाता तुमच्याच माथी. गाडीत बसायच्या आधी मीटरचा फोटो काढायचा, ड्रायव्हरच्या समोर, लपून नाही. चांगला ड्रायव्हर स्वतःच म्हणतो काढून ठेवा म्हणून.

टोल जाताना सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, आणि येताना तेच. फास्टॅगचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर जातो, तो फॉरवर्ड करायला सांगा, अंदाजे आकडा मान्य करू नका. अन् "ड्रॉप" म्हणून, म्हणजे फक्त सोडायला गाडी केलीत तर परतीचे पैसे धरलेत का नाही हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोललेलं कुणालाच आठवत नाही नंतर.

विजापूर_रोडची_लेक:
मी पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा तरी येणं असतं. मुंबईहून येणारी वंदे भारत रात्री साडेदहाच्या पुढं पोचते, त्या वेळेला स्टेशनबाहेर एकटी बाई दिसली की काही रिक्षावाले दुप्पट सांगतात आणि वर "नाही तर बघा दुसरी" म्हणतात. ॲपवर बुक केली तर फोन येतो, कुठं जायचंय, कॅश का ऑनलाईन, आणि सैफुलच्या पुढं म्हटलं की कॅन्सल. कॅन्सल पण स्वतः करत नाहीत, मलाच करायला लावतात म्हणजे चार्ज मला. मी आता कॅन्सल करतच नाही, तसंच ठेवते आणि दुसरी रिक्षा बघते.

पण चांगलं सांगायचं तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळचं सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा गावातले रस्ते बंद असतात हे आपल्याला माहीत, पण मी बॅगांच्या नादात विसरले आणि टॅक्सी केली नवी पेठेला. ड्रायव्हर पोरगाच होता, विशीतला. थोडं पुढं गेल्यावर गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "ताई, पुढं बंद हाय. वळसा घालून नेलो तर अर्धा तास जाईल अन् तुमचेच पैसे जातील. हितनं पाच मिनिटं चालत." पैसे पण पुढचे कापून घेतले, तिथवरचेच. त्याला सहज फिरवता आलं असतं मला, कळलंही नसतं. ही गोष्ट मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, कारण सोलापूरच्या गाडीवाल्यांचं नाव निघालं की लोक फक्त वाईटच बोलतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

गाडीवान_होटगीरोड:
मी स्वतः टुरिस्टची गाडी चालवायलोय, म्हणून लिहितो, राग मानू नका. झोपेचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरं हाय आणि आमच्या लाईनीत ह्याच्यावर कुणी बोलत नाही. पगार कमी, ट्रिपवर भत्ता. मुंबईहून रात्री आलो अन् मालक म्हणला सकाळी पुण्याला जा, तर नाही म्हणायची सोय नाही, दुसरा तयारच असतो. मागं एकदा मी सलग असंच केलो आणि मोहोळजवळ समोरच्या ट्रकचे लाल दिवे मला चार दिसायला लागले. त्या दिवशी गाडी बाजूला लावून मालकाला फोन केलो, म्हटलं दुसरा माणूस पाठवा नाही तर पॅसेंजर इथंच उतरवतो. बोलणी खाल्ली, काम नाही गेलं.

तर ओळखायचं कसं ते सांगतो. आदल्या दिवशी संध्याकाळी मालकाला नाही, ड्रायव्हरलाच फोन करा. नंबर मागून घ्या, देत नसला तर तिथंच शंका धरा. त्याला विचारा आज कुठल्या ट्रिपला हायस, किती वाजता सुटणार. अजून तो हायवेवरच असला आणि तुमची पहाटेची वेळ असली तर सरळ गाडी बदलून मागा. वाटेत बघायचं झालं तर, ड्रायव्हर सारखा काच खाली-वर करायलाय, मानेला हात लावायलाय, एकदम गप्प झालाय, समजा की झोप आलीय. चहानं काय होत नाही ओ, चहा पिलो की अर्धा तास बरं वाटतंय, परत तेच. वीस मिनिटं डोळा लावू दिलात तर फरक पडतो.

आणि पॅसेंजर लोकांनी पण थोडं बघावं. एका दिवसात पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर सगळं उरकायचं म्हणतात. पहाटे चारला निघून रात्री बाराला परत. देवळात तुम्ही जाता तेव्हा आम्ही पार्किंग शोधत असतो, झोपत नसतो. मुक्कामाला तुम्ही लॉजवर, आम्ही गाडीत डास मारत. ड्रायव्हरला खोली असणारं लॉज बघितलंत तर दुसऱ्या दिवशी तुमचाच जीव सुखरूप. जेवायला वेगळ्या टेबलावर बसवा हरकत नाही, पण बसवा. काही लोक विचारत पण नाहीत.

रेल्वेलाईन्सकर:
अजून एक राहिलंच, नंबर प्लेट. पिवळी प्लेट काळी अक्षरं असली तरच ती भाड्याची गाडी (इलेक्ट्रिक असली तर हिरवी प्लेट पिवळी अक्षरं). पांढऱ्या प्लेटची गाडी स्वस्त पडते म्हणून लोक करतात आणि ड्रायव्हर शिकवतो की पोलिसांनी अडवलं तर पाहुणे आहे म्हणा. अहो, खासगी गाडीच्या विम्यात भाड्यानं फिरवणं बसत नाही, काही झालं तर कंपनी हात वर करू शकते. दोन-चारशे वाचवायला आईला असल्या गाडीत बसवू नका, एवढं कळकळीनं सांगतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी कुठल्या प्रकारात नोंदलीय, विमा, फिटनेस चालू आहे का ते दिसतं. गाणगापूरला जाणार असाल तर ते कर्नाटकात, त्यामुळं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आधीच विचारा, नाही तर बॉर्डरवर टॅक्स कुणी भरायचा ह्यावरून गाडीतच वाजतं. आणि ड्रायव्हर पिऊन आला असं वाटलं तर वाद घालत बसायचं नाही, वस्तीच्या जागी उतरायचं आणि 112 लावायचा.

जुळे_सोलापूरकर:
खूप धन्यवाद सगळ्यांना. गाडीवान दादा, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली ह्या माणसाला विचार मामांना डायरेक्ट फोन करू का ते. मला त्यांच्या पोटावर पाय यायला नको.

गाडीवान_होटगीरोड:
आईंना नमस्कार सांगा. डायरेक्ट करू नका, मालकाला कळलं की त्याला ड्युटी देणार नाही. मालकाला फोन करून सांगा की गाडी तुमचीच घेतो पण माणूस तोच पाहिजे, आणि भत्ता त्याच्या हातात देणार. असं दोन-तीन गिऱ्हाईकांनी नाव घेऊन मागितलं की त्याचं वजन वाढतंय, रात्रीच्या ट्रिपा कमी लावतात. आणि पाचऐवजी सातला निघा म्हणजे त्यांची झोप होईल, दुपारची वेळ मागून घ्या दवाखान्यात.