आजयेचं कुणबी कापड कापू की ठेवू?

केपेकरीण:
मी मूळची गोव्यातल्या केपे तालुक्यातली. आता फोंड्याला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवली तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजयेचं कापड मिळालं. साडीला आमच्या घरात कापडच म्हणतात. लाल सुती, पांढऱ्या रेघांचे चौकडे, हाताला जाडंभरडं. खांद्यावर गाठ यायची तिथे विरलंय आणि खालच्या काठावर शेतातल्या चिखलाचा डाग अजून आहे. वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, लावणीला ती हेच नेसायची. मी सहा-सात वर्षांची असताना बांधावर बसून तिला बघितलंय. ओणवी, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात, आणि पदर सावरण्याचा प्रश्नच नाही, कारण तो गाठीत बांधलेला.

शाळेत धालोंचा, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याचा, कार्यक्रम आहे. मुलींसाठी बाजारातून 'कुणबी साड्या' आणल्यात, ४०० रुपयांना एक. एका बाजूने चौकडे, उलट्या बाजूने नुसती फिकट छाया. मुली विचारतात, बाई, तुमच्या आजीची अशीच होती का? मला हो म्हणवत नाही.

जाऊ म्हणाली, पेटीत कुजवण्यापेक्षा त्याचा मुलीला परकर शिव. मी शिंप्याकडे घेऊनही गेले होते. त्याने खडूने खूण केली आणि माझा धीर सुटला. तसंच घडी घालून परत आणलं. काय करावं? आणि असंच दुसरं कुणी विणून देईल का?

साळ्याचा नातू:
ताई, कात्री अजिबात लावू नका. आमच्या घरात तीन पिढ्या हातमाग होता म्हणून सांगतो: जुनं कापड हाच विणकराचा नमुना. ते पुढ्यात असलं की तो तसंच दुसरं विणू शकतो. फोटोवरून फक्त रंग जुळतो, पोत जुळत नाही.

घरी एवढं करा. एक भिंग घ्या, कापडावर एक इंच मापून उभे धागे मोजा, मग आडवे. तीन-चार जागी मोजा, विरलेल्या भागाजवळ नको. मग एका काठापासून सुरुवात करून लाल किती धागे, पांढरे किती, परत लाल किती, असं दुसऱ्या काठापर्यंत लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण हा कागद म्हणजेच ती साडी. उभ्या धाग्यांच्या हिशेबाने फणी, म्हणजे मागावर उभे धागे ओवायची कंगव्यासारखी चौकट, निवडतात. काठाचा एखादा धागा आधीच सुटला असेल तर तो जपून ठेवा, त्यावरून सुताचा जाडपणा कळतो.

चौकड्याचं म्हणाल तर सूत आधी रंगवतात, मग विणतात. उभा लाल आणि आडवा लाल जिथे भेटतात तिथे गडद लाल येतो, लाल-पांढरं भेटलं की मधली छटा. म्हणून दोन्ही बाजू सारख्या. छापलेल्यात हे होत नाही. शंका असेल तर बाजारातल्या साडीचा सुटलेला धागा जाळून बघा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

एक अडचण आधीच सांगतो. एका साडीसाठी कुणी माग लावत नाही. ताणा (मागावरचे उभे धागे) भरायला, फणीतून एकेक धागा ओवायला दिवस जातात, म्हणून एका ताण्यावर चार-सहा साड्या काढतात. बरोबरीच्या चार जणी जमवा.

खाजनाकाठची:
बाय, तुझं वाचून माझी आई आठवली. आम्ही गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातले, ख्रिस्ती गावडे समाजातले. आमच्या बायकाही हेच नेसायच्या, गुडघ्याच्या जरा खाली, गाठ खांद्यावर. पूर्वी ब्लाउज नव्हताच. नवीन विणून घेशील तेव्हा लांबी-रुंदी आजच्या साडीची करू नकोस. हल्ली पाच-साडेपाच मीटर करतात आणि निऱ्या काढून नेसतात. ती छान दिसते, पण ती नेसून चिखलात उतरता येत नाही. आजयेचं माप घे.

जुनं कापड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नको, पावसाळ्यात बुरशी धरेल. धुतलेल्या मऊ मांजरपाटात गुंडाळ, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाल, पण तो कापडाला लागू देऊ नको. दोन-तीन महिन्यांनी सावलीत वारा दे आणि घडी बदल, नाहीतर घडीवरच फाटतं. डाग मात्र काढू नको गो.

पर्वरीचा वाचक:
थोडी भर घालतो. हातमागावरची कुणबी साडी जवळजवळ संपली होती. ती पुन्हा लोकांपुढे आणण्यात गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये ते गेले. कोलवाळला त्यांच्या जुन्या घरात 'मोदा गोवा' हे गोव्याच्या वेशभूषेचं संग्रहालय आहे. मागणी नोंदवण्याआधी एकदा तिथे जाऊन या.

नावाबद्दल मलाही तुमच्यासारखाच राग येतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हॅरिस ट्वीड नावाचं लोकरी कापड विणतात. १९९३ च्या कायद्याप्रमाणे ते बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी, हाताने विणलेलं असेल तरच त्याला ते नाव लावता येतं. छापील पॉलिस्टरला 'कुणबी' म्हणून विकू नये, एवढं तरी आपल्याकडे व्हायला हवं.

केपेकरीण:
दादा, काल रात्री मुलीला घेऊन मोजायला बसले. इंचाला उभे ४४, आडवे ४०. तीन ठिकाणी तेच आलं, चौथ्या ठिकाणी आडवे ३८. मुलगी म्हणाली, तिथे विणणारा दमला असेल. काठापासून काठापर्यंतचा हिशेब दोन पानं झाला, अजून अर्धी रुंदी बाकी आहे.

मावशी, माप आजयेचंच ठेवते. शाळेतल्या दोघी बाई आणि माझी मावसबहीण तयार आहेत, म्हणजे आम्ही चौघी झालो. आणखी दोघी मिळाल्या तर ताणा पुरा होईल. केपे, सांगे, काणकोणच्या कुणाला आपल्या माप-धाग्याचं हवं असेल तर इथेच लिहा.

कार्यक्रमाच्या दिवशी आजयेचं कापड वर्गात नेणार आहे. नेसणार नाही, टेबलावर पसरून ठेवीन आणि मुलींच्या हातात भिंग देईन.