मदत हवी आहे: वाचनालयाची साइट गूगलला देण्याआधी काय तपासायचं?

अक्षरजुळणी: वाचनालयाची वर्डप्रेस साइट तयार आहे. दीडशेएक पानं, बराच मजकूर जुन्या पेजमेकर (छपाईची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) फायलींतला. सध्या टेस्ट सबडोमेनवर आहे, आता मुख्य डोमेनवर हलवायची. साइटमॅप (सर्च इंजिनांसाठी पानांच्या पत्त्यांची यादी) केलाय. पानांचे पत्ते मराठीत ठेवलेत, चालतील ना?

सर्व्हरवाला: आधी सेटिंग्जमधलं रीडिंग उघडा. सर्च इंजिनांना दूर ठेवायची टिक टेस्टच्या काळात दिलेली असते आणि डेटाबेसबरोबर तीही मुख्य डोमेनवर येते. वर्डप्रेस ५.३ पासून ही टिक प्रत्येक पानात नोइंडेक्स ('हे पान निकालांत घेऊ नका' ही सूचना) टाकते. ती काढा, कॅश (पानांच्या साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा आणि पानाच्या सोर्समध्ये नोइंडेक्स उरलंय का ते शोधा.

मग रोबोट्स फाइल, म्हणजे बॉटने (साइट वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रॅमने) काय उघडू नये ते सांगणारी. डिसअलाऊपुढे नुसती तिरकी रेघ (/) असेल तर अख्खी साइट बंद. टेस्ट साइट लपवायला काहीजण नोइंडेक्स आणि रोबोट्सची बंदी दोन्ही लावतात, त्याने उलटंच होतं: रोबोट्सने अडवलं की बॉट पान उघडतच नाही, मग आतलं नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? बाहेरून कुणी दुवा दिला असेल तर नुसता पत्ता निकालांत येऊ शकतो. टेस्ट साइटला सरळ पासवर्ड लावा.

काना_मात्रा: पेजमेकर म्हणालात म्हणून सांगतो. साइटवरचा एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी आली तर मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्येच आहे, आणि गूगललाही तीच खिचडी दिसते. कन्व्हर्टरने युनिकोड (सगळीकडे चालणारी प्रमाण अक्षरपद्धत) करा, पण नंतर डोळ्यांखालून घालाच. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. घोळ तिथेच होतो.

मराठी पत्ते चालतात, फक्त आखूड ठेवा. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरांची जागा घेतं आणि वर्डप्रेस २०० वर कापतं. 'वाचनालयाचा वार्षिक अहवाल' इथेच २०० भरतात! पुढचं साल उडतं, आणि दरवर्षीचा अहवाल एकाच पत्त्यावर यायला लागला की शेवटी २, ३ असे आकडे चिकटतात. 'अहवाल-२०२४' पुरे.

अक्षरजुळणी: खिचडी निघाली, सात-आठ पानांत. साइटमॅपसाठी गूगलचा पिंगचा (साइटमॅप कळवायचा) पत्ता वापरू का?

सर्व्हरवाला: पिंग गूगलने २०२३ मध्येच मोडीत काढलं. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) डोमेन प्रॉपर्टी घ्या, म्हणजे अख्खं डोमेन नोंदवा. मालकी दाखवायला डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) टीएक्सटी नोंद टाकावी लागते, पण सगळी सबडोमेनं एकदम येतात. साइटमॅप देण्याआधी त्यात आणि पानांच्या कॅनॉनिकलमध्ये (पानाचा मूळ पत्ता सांगणारी ओळ) टेस्टचा पत्ता राहिला नाही ना, ते बघा. साइटमॅपमध्ये प्रायोरिटीचे आकडे भरत बसू नका, गूगल ते वाचत नाही.

मुखपृष्ठ सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधल्या लाइव्ह टेस्टमधून काढा, तेवढ्याच पानाची इंडेक्सिंग विनंती करा. बाकीची पानं साइटमॅपवरून सापडतील. बिंग वेबमास्टरमध्ये सर्च कन्सोलमधूनच साइट आयात होते, वेगळी पडताळणी नको.

काना_मात्रा: आणि मुद्दाम एक चुकीचा पत्ता टाकून बघा. 'पान सापडलं नाही' असं दिसलं तरी सर्व्हरकडून कोड ४०४ (पान नाही) च यायला हवा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये कळेल. कोड २०० (पान आहे) आला तर थीम किंवा रीडायरेक्टचं प्लगइन तपासा.