पिक्चर आईनंच खाल्लाय!

'द व्रे मांसाँज' (2010) हा फ्रेंच पिक्चर त्यातल्या ऑद्रे तोतूसाठी बघा, असं कुणीतरी सुचवलंय. मी तर म्हणेन, त्यात आई झालेल्या नताली बायसाठी बघा. सेत या फ्रेंच गावात सलून चालवणारी एमिली (तोतू) स्वतःला आलेलं निनावी प्रेमपत्र कचऱ्यात टाकते आणि नंतर तोच मजकूर नवऱ्यानं सोडल्यामुळे खचलेल्या आईला पाठवते. तिथून पिक्चर आईचाच! मरगळलेली बाई पत्रानं अशी काही खुलते, आणि पुढच्या पत्रासाठी इतकी उतावीळ होते की हसू येतं, पण तिची कीव येत नाही. हे जमवणं सोपं नाही. चार सेझार (फ्रेंच सिनेमाचे मोठे पुरस्कार) उगाच नाहीत मिळाले नताली बाईंना. तोतूचे ते टपोरे डोळे नि लगबग तिच्या आधीच्या 'अमेली' पिक्चरमध्ये गोड वाटलेली, इथे जरा ओढूनताणून वाटते. ते मूळ पत्र लिहिणारा सामी बुआजिला मात्र मायलेकींच्या कात्रीत मस्त सापडलाय.