वर्धापनदिन, स्मृतिदिन की दुखवटा?

विचारणा
वाचनालयाच्या भित्तिपत्रकात एका छायाचित्राखाली ओळ लिहायची आहे. रवांडातल्या १९९४च्या हत्यांना ३० वर्षं झाली तेव्हा, ७ एप्रिल २०२४ला, दिल्लीचा कुतुबमिनार त्या देशाच्या झेंड्याच्या रंगांत उजळला होता, त्याचं छायाचित्र. मी लिहिलंय, ‘रवांडातील वांशिक हिंसाचाराचा ३०वा वर्धापनदिन साजरा’. खटकतंय, पण नेमकं काय चुकलं?

प्रतिसाद १
‘वर्धापन’मध्ये वाढण्याचा ‘वृध्’ धातू आहे. बँकेचा, मंडळाचा वर्धापनदिन असतो, मरणाचा कसा असेल? ‘पुण्यतिथी’ही नको, ती एका माणसाची. ‘स्मृतिदिन’ लिहा, पण तो साजरा करत नाहीत, पाळतात. वर्तमानपत्रांतही ही चूक दिसते आणि दर वेळी पोटात कालवतं.

रवांडात ७ एप्रिलपासूनच्या स्मरणाच्या काळाला ‘क्विबुका’ म्हणतात. किन्यारवांडा भाषेत त्याचा अर्थ ‘आठवणं’, इतकाच. पहिल्या आठवड्यात गाणंबजावणं, करमणुकीचे कार्यक्रम बंद असतात. त्या आठवड्याला आपला ‘दुखवटा’ चपखल बसतो. आठवणं मात्र १०० दिवस चालतं, कारण मारणंही जवळपास तेवढेच दिवस चाललं होतं.

प्रतिसाद २
मला ‘वर्धापनदिना’पेक्षा ‘वांशिक हिंसाचार’ जास्त लागला. त्यातून दोन जमाती आपसांत भिडल्या असं वाटतं. प्रत्यक्षात याद्या करून, रस्त्यांवर नाकी उभारून, ओळखपत्रावरची जमात बघून तुत्सी जमातीच्या लोकांना मारलं. आठ लाखांहून जास्त माणसं गेली. मारणारे हुतू जमातीतले, पण विरोध करणारे हुतूही त्यात मारले गेले. आधी रेडिओवरून तुत्सींना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळं, म्हणत होते. आणि मारायला निघणं म्हणजे ‘गुकोरा’, काम करणं. रोजच्या वापरातलं क्रियापद, शेतावर जातानाही तेच.

म्हणून शब्द जपून हवा. ‘नरसंहार’ कुठल्याही मोठ्या कत्तलीला चालतो. कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४मध्ये ‘जेनोसाइड’ शब्द घडवला तो एखादा समूहच नाहीसा करण्याच्या गुन्ह्यासाठी. मराठीत ‘वंशविच्छेद’ रुळला आहे, पण ‘विच्छेद’ मला फार निर्जंतुक वाटतो. मी ‘वंशसंहार’ लिहितो.

जून १९९४मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्यं’ घडल्याचं म्हणत होत्या, ‘वंशसंहार’ म्हणणं टाळत होत्या. कारण वंशसंहाराविरुद्धच्या १९४८च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो रोखण्याचं बंधन सह्या केलेल्या देशांवर आहे. तिकडे माणसं मरत होती आणि इकडे एका नामावर घासाघीस चालली होती. संयुक्त राष्ट्रांनीही २००३मध्ये ७ एप्रिल स्मरणासाठी ठरवला, पण ‘तुत्सींविरुद्धचा’ हा शब्द त्या दिवसाच्या नावात यायला २०१८ उजाडलं.

विचारणा करणारा
आभार. ओळ बदलली : ‘१९९४च्या तुत्सींविरुद्धच्या वंशसंहाराचा ३०वा स्मृतिदिन. कुतुबमिनारवर रवांडाच्या ध्वजाचे रंग.’ ‘रोषणाई’ मुद्दाम टाळलं.

आणखी एक. शेजारी रवांडातल्या न्यामाता गावच्या चर्चचं छायाचित्र आहे. तिथे आसऱ्याला आलेल्यांना मारलं, आता ते स्मारक आहे. बाकांवर मृतांचे कपडे रचून ठेवलेत, धुळीने सगळ्यांचा रंग मातीसारखा झालाय. खाली ‘मृतांचे अवशेष येथे जतन केले आहेत’ आणि ‘वाचलेल्यांच्या आठवणी’ असं लिहिलंय. ठीक आहे?

प्रतिसाद १
‘अवशेष’ किल्ल्याचे, मंदिराचे. माणसाच्या ‘अस्थी’ म्हणा. रवांडात अजूनही नव्याने अस्थी सापडतात आणि क्विबुकाच्या दिवसांत सन्मानाने पुरल्या जातात. ‘वाचलेल्यांच्या’ ऐवजी ‘बचावलेल्यांच्या’ करा, नाहीतर कुणाला पुस्तकं वाचल्याच्या आठवणी वाटतील.