अ‍ॅनिमे पाहून झाल्यावर लाइट नॉव्हेल कोणत्या खंडापासून वाचावी?

निशाचर :
मध्ययुगीन नाण्यांविषयी काहीतरी शोधताना, एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात मी 'स्पाइस अँड वुल्फ' या जपानी अ‍ॅनिमेपर्यंत, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिकेपर्यंत, पोहोचलो आणि २००८ व २००९ साली आलेले त्याचे दोन्ही सीझन आठवडाभरात संपवले. फिरता व्यापारी लॉरेन्स आणि मुलीच्या रूपातील लांडगी-देवता होलो यांच्या संवादांत इतका गुंतलो आहे की पुढचे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. ही कथा मुळात इसुना हासेकुरा यांच्या लाइट नॉव्हेल मालिकेतील असल्याचे नंतर समजले. लाइट नॉव्हेल म्हणजे मांगासारखी चित्रकथाच असते का? आणि अ‍ॅनिमे जिथे थांबते तिथून पुढचाच खंड हाती घेतला तर चालेल का?

पानोपानी :
ती चित्रकथा नव्हे, गद्य कादंबरीच असते. आकार बहुधा खिशात मावेल एवढा, सुरुवातीला काही रंगीत चित्रे, मधूनमधून कृष्णधवल चित्रे, आखूड परिच्छेद आणि संवादांची रेलचेल, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. 'लाइट नॉव्हेल' ही संज्ञादेखील इंग्रजी शब्द जुळवून जपानमध्येच घडवलेली आहे. या मालिकेच्या पहिल्या खंडाला प्रकाशनापूर्वीच देंगेकी कादंबरी स्पर्धेत रौप्य पारितोषिक मिळाले होते. चांदीच्या नाण्यांवर बेतलेल्या कथानकाला ते शोभूनही दिसते.

जुना वाचक :
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. पहिल्या सीझनमध्ये पहिला आणि दुसरा खंड येतो, दुसऱ्यात तिसरा आणि पाचवा; चौथा जवळपास वगळलेलाच आहे. त्यामुळे आपण थेट सहावा खंड उघडलात तर एक संपूर्ण प्रवास हुकेल. शिवाय अ‍ॅनिमेतील क्लोए हे पात्र मूळ कादंबरीत नाहीच. तिथे तिच्या जागी यारेई नावाचा पुरुष आहे, आणि एवढ्या एका बदलाने लॉरेन्सच्या मनातील ओढाताण निराळी होते. नाण्यांतील चांदीचा कस बदलणार असल्याच्या बातमीवर नफा कसा कमवायचा, याचा लॉरेन्स मनातल्या मनात मांडतो तो हिशेबही पडद्यावर धावता होतो. म्हणून पहिल्या खंडापासूनच वाचावे. मूळ कथा २०११ साली सतराव्या खंडात संपली. सातवा, अकरावा आणि तेरावा हे उपकथांचे खंड असल्याने, घाई असेल तर ते मागे ठेवता येतील. २०२४ साली सुरू झालेले नवे अ‍ॅनिमे कथा पुन्हा आरंभापासून सांगते, तेव्हा त्यावरूनही पुढचा खंड ठरवू नये.

शब्दवेल्हाळ :
एक भर घालते. होलो स्वतःला 'वात्ची' म्हणते आणि तिच्या वाक्यांच्या शेवटी मधूनच 'आरिन्सु' येते. ही ढब एदो काळातील (१६०३ ते १८६८) योशिवारा या गणिकावस्तीतील गणिकांच्या बोलीवरून घेतलेली आहे. अनुवादात ती हमखास निसटते आणि होलो नुसतीच जुन्या वळणाचे बोलणारी वाटू लागते. आपण अ‍ॅनिमे मूळ जपानी आवाजात पाहिले असेल, तर आमी कोशिमिझु यांनी दिलेला तिचा आवाज आठवत वाचावे. मला तरी त्याशिवाय तिचे टोमणे निम्मेच लागत होते.

निशाचर :
सर्वांचे आभार. जपानी आवाजातच पाहिले होते. काल पहिला खंड सुरू केला असून गाडीतील कातड्यांच्या ढिगात होलो सापडते तिथवर आलो आहे. यारेई भेटला, पण क्लोएची सवय झाल्याने दोनदा मागे जाऊन नाव तपासावे लागले.