४०० मिलिग्रॅम कॅफीन म्हणजे रावपुऱ्यातल्या किती ‘अडधी’?

कारेलीबागची_सून

मंडळी, प्रश्न साधा आहे पण सरळ उत्तर कुठेच मिळेना. जिथे बघावं तिथे लिहिलेलं, निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. बरं. पण आमच्या ऑफिसात चहा मिलिग्रॅममध्ये येत नाही, अडधीत, म्हणजे अर्ध्या कपाच्या पेल्यात येतो.

मी बडोद्यात, रावपुऱ्यात एका करसल्लागाराकडे हिशेब बघते. सप्टेंबर म्हणजे ऑडिटचा हंगाम, ३० तारीख मानगुटीवर बसलेली. खालच्या चहाच्या लारीवरचा (हातगाडीवरचा) पोरगा किटली आणि काचेचे पेले घेऊन तासातासाला वर येतो, कुणी मागवलेलं असो नसो. शेठ मान वर न करता ‘मूकी दे’ (ठेवून दे) म्हणतात की प्रत्येकाच्या टेबलावर एक पेला ठेवला जातो. आलं, फुदिना, गवती चहा, आणि इतका उकळलेला की पेला दोन मिनिटं तसाच राहिला तर वर साय धरते. अशा सहा अडधी तरी दिवसात होतात. शिवाय सकाळी घरचा मोठा कप, चार वाजता मशीनची कॉफी आणि संध्याकाळी सातला सासूबाईंबरोबरचा चहा. तो चुकवायची सोय नाही, दिवसभराच्या बातम्या त्याच वेळी मिळतात.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. मधूनमधून छातीत धडधडतं. वय ४३, बीपी-शुगर काही नाही. घरात आणखी दोघांची काळजी आहे. नणंद माहेरपणाला आलीय, पाचवा महिना. आणि चिरंजीव, इंजिनिअरिंगला, त्यांच्या बॅगेत एनर्जी ड्रिंकचे डबे सापडतात. विचारलं तर म्हणे, ‘आई, नवरात्र तोंडावर आलंय, गरब्याला स्टॅमिना लागतो.’

कुणीतरी कपात सांगा.

फतेगंज_एक्सप्रेस

आमचे आजोबा जन्मभर बशीतून चहा प्यायले, कधी मोजला नाही. ८९ व्या वर्षी गेले ते जिन्यावरून पडून. घ्या हो ताई बिनधास्त.

दांडियाबाजार_मेडिकल

एक्सप्रेस, तुमच्या आजोबांना नमस्कार, पण ताईंना झोप येत नाहीये आणि घरात एक गरोदर बाई आहे, तेव्हा जरा नीट बोलू या. माझं औषधांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. काउंटरच्या अलीकडून काय काय ऐकलंय म्हणून सांगू! ‘काका, झोपेची गोळी द्या’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारायचो, शेवटचा चहा कितीला? निम्मे लोक तिथेच चिडायचे.

आधी आकडा. ४०० ची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली सांगितली, अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन, एफडीए, तेही तेवढीच सांगतं. ही निरोगी, प्रौढ माणसासाठी, आणि दिवसभरात विभागून. एका वेळी २०० च्या वर नको. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मात्र ३०० चीच रेघ ओढली आहे. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्यांनी ३०० धरावं. आपला चहा उकळलेला असतो आणि वर डोकेदुखीची गोळीही चहाबरोबरच घेतली जाते. त्यातल्या काही गोळ्यांत ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतंच, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं.

आता कप. त्याच मार्गदर्शिकेत १५० मिली चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि फिल्टरच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम दिलंय. तुमची अडधी साधारण ६०-७० मिलीची. पुस्तकी हिशेबाने १५ ते ३०, पण लारीवरचा चहा पातेल्यात खळखळत असतो आणि पत्ती सीटीसीची, म्हणजे यंत्रात चुरून केलेली बारीक दाणेदार, तिच्यातून कॅफीन झटकन उतरतं. तेव्हा ३० धरा. सहा अडधी म्हणजे १८०. सकाळच्या मोठ्या कपाचे ८०, मशीनच्या कॉफीचे ६०, सातच्या चहाचे ६०. झाले ३८०. युरोपात पास, हैदराबादला नापास.

कपाचा हिशेब फसवा आहे, कारण प्रत्येक घरी कप वेगळा आणि उकळ वेगळी. मी गिऱ्हाइकांना दुसरी युक्ती सांगायचो. चहाच्या पुड्यावर फोडल्याची तारीख लिहून ठेवा. सुक्या पत्तीत साधारण ३ टक्के कॅफीन असतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या पुड्यात १५ ग्रॅमच्या आसपास. घरात चहा पिणारी तीन माणसं असतील आणि पुडा महिनाभर पुरत असेल, तर माणशी रोजचे १६०-१७० मिलिग्रॅम. पुडा पंधरा दिवसांत उडत असेल तर त्याच्या दुप्पट, आणि मग बाहेरच्या अडधीला जागाच उरत नाही. पत्तीतलं सगळं काही पाण्यात उतरत नाही, तेव्हा हा आकडा थोडा चढाच येतो. चढाच बरा. दूध जास्त घातलं म्हणून कॅफीन मरत नाही. त्याच पत्तीत दोन कपांऐवजी तीन केले तरच प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. फुदिना, आलं, गवती चहा यांत कॅफीन नाही, ते हवे तेवढे घाला.

धडधडीचं मात्र इथे विचारू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ईसीजी काढून घ्या. बहुतेक चहाच निघेल, पण ते कागदावर निघू दे.

सुरसागर_काठी

मी ग्रीन टीवर आले तेव्हापासून कॅफीनचा प्रश्नच मिटला. ताई, तुम्हीही करून बघा.

दांडियाबाजार_मेडिकल

नाही मिटला हो. झाड एकच, पान तेच. ग्रीन टीच्या कपातही ३० च्या आसपास कॅफीन असतं, पातळ पितो म्हणून कमी वाटतं. दिवसाला चार कप होत असतील तर १२० झाले. डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीतही थोडं राहतंच.

कारेलीबागची_सून

काका, पुड्याची युक्ती फार आवडली, डाळ-तांदळाचा हिशेब तसाच ठेवते मी. पण एक कळलं नाही. ४०० च्या आत आहे मी, मग झोप का येत नाही? आणि हेच सगळं मी पस्तिशीपर्यंत पचवत होते!

दांडियाबाजार_मेडिकल

कारण रेघ दिवसाची आहे आणि झोप रात्रीची.

मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य दिवसभर साठत जातं, त्यानेच पेंग येते. कॅफीन त्याच्या खुर्चीत जाऊन बसतं. ॲडेनोसिन बाहेर ताटकळत उभं, आणि तुम्हाला वाटतं दमलेच नाही. ही खुर्ची रिकामी व्हायला वेळ लागतो. रक्तातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास, पण हे माणसागणिक बदलतं. कुणाला दोन तास पुरतात, कुणाला नऊही लागतात. तुमचा चारचा कॉफीचा कप रात्री नऊला अर्धा शिल्लक, सातचा चहा बाराला अर्धा शिल्लक. त्याच्या आधीच्या अडधींची शिल्लक वेगळी. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं तरी झोप तासाभराहून जास्त घटली. गंमत म्हणजे आपली झोप इतकी कमी झाली हे त्या लोकांना स्वतःला जाणवलं नव्हतं, यंत्राने दाखवलं.

पस्तिशीनंतर काय बदललं ते तुम्हीच आठवा. गर्भनिरोधक गोळ्या चालू झाल्या असतील तर कॅफीन शरीरात जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असतानाही तेच, त्या आठवड्यात चहा निम्मा करावा. सिगारेट ओढणाऱ्याचं कॅफीन उलट लवकर निघून जातं, म्हणून सिगारेट सोडली की तोच चहा अचानक चढायला लागतो. लोक म्हणतात सिगारेट सोडल्याने झोप उडाली. चहा कुणी मोजत नाही.

दुपारी दोननंतरच्या अडधी आणि मशीनची कॉफी काढा. सातला सासूबाईंबरोबर बसा, फक्त तुमच्या कपात पत्तीविना आलं-फुदिन्याचा काढा असू दे. बातम्या त्याच मिळतील.

मांडवीची_मेघा

एकदम सगळं बंद करू नका हं ताई! आमच्या आईने चातुर्मासात चहा सोडला होता. दुसऱ्या दिवशी असं डोकं धरलं की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. सगळे म्हणाले उपासाचं पित्त. तिने तर एकादशीवर खापर फोडलं.

दांडियाबाजार_मेडिकल

मेघाबेन बरोबर आहेत. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं चढतं, एक-दोन दिवसांत शिगेला पोचतं आणि आठ-नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकतं. देवाचा काही दोष नाही. दोन-तीन दिवसांनी एकेक अडधी कमी करत या.

गरबा_गँग_अलकापुरी

ताई, तुमच्या मुलाच्या वयाचाच आहे मी, म्हणून खरं सांगतो. २५० मिलीच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम असतं, आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची कमाल मर्यादा लिटरला ३०० आहे. म्हणजे एक डबा तुमच्या अडीच अडधी. वाटतो तेवढा राक्षस नाही. पण डब्यावर ‘दिवसाला ५०० मिलीहून जास्त नको’ असं छापलेलं असतं आणि ते आमच्यात कुणी वाचत नाही. गरब्यात घामाघूम झालेला माणूस तहानेपोटी ते गटागटा पितो, त्याआधी पाणी प्यायलेलं नसतं, आणि रात्री बाराला घरी जाऊन सकाळी आठच्या लेक्चरसाठी परत दुसरा डबा. साखर किती ते मागे वाचा, चहा परवडला.

खरी भीती मला डब्याची नाही, जिमच्या प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायच्या) पावडरची वाटते. काहींच्या एका मापात २०० च्या वर कॅफीन असतं. वरून डबा घेतला की गेलाच हिशेब. बॅगेत पावडर आहे का तेवढं बघा.

दांडियाबाजार_मेडिकल

शाब्बास पोरा. शिवाय नुसतं शुद्ध कॅफीन पावडरच्या रूपात ऑनलाइन मिळतं, त्याला हात लावू नका. एफडीएच्या हिशेबाने त्याचा एक चहाचा चमचा म्हणजे २८ कप कॉफी. तेवढ्याने माणूस जातो.

कारेलीबागची_सून

बॅग बघितली, पावडर नाही. डबे दोनच, पैकी एक मित्राचा, असं सांगण्यात आलं. काका, नणंदेचं राहिलं. ती म्हणते, ‘वहिनी, दिवसात दोनच कप घेते, त्यावरही नजर ठेवू नकोस.’

दांडियाबाजार_मेडिकल

दोन कप असतील तर ठेवू नका नजर. गरोदरपणात मर्यादा २०० ची धरतात. जागतिक आरोग्य संघटना ३०० च्या वर जाणाऱ्या बायकांना कमी करायला सांगते, पण डॉक्टर मंडळी २०० च म्हणतात आणि तेच बरोबर. शेवटच्या महिन्यांत कॅफीन निम्मं व्हायला पंधरा तासही लागू शकतात आणि ते वारेतून बाळापर्यंत जातं, बाळाला ते पचवता येत नाही. दोन कपांवर चॉकलेट आणि कोल्ड कॉफी होत असेल तर तीही धरा. एनर्जी ड्रिंक अजिबात नाही, डब्यावरच तसं लिहिलेलं असतं.

तिच्यासाठी दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोहाची गोळी चालू असणार. ती चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे घेतली तर चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको, गोळीलाही तोच नियम. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. आणि सासूबाईंना थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे साध्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. त्या ऐकणार नाहीत, तरी सांगून बघा.

फतेगंज_एक्सप्रेस

काका, आजोबांची बशी किती मिलीची असेल?

दांडियाबाजार_मेडिकल

बशी कळून उपयोग नाही. घरात पुडा किती दिवस पुरायचा ते आजीला विचारा.