मधली भिंत पाडायची का? आर्किटेक्ट थांबा म्हणतात, ठेकेदार दोन दिवसांचं काम म्हणतो

कर्दळ, इंदिरानगर, नाशिक

आमचं घर १९८८ सालचं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईंची खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची. सासऱ्यांनी फंडातून पैसे काढून, रोज कामावरून परतल्यावर स्वतः पाणी मारून बांधून घेतलं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता ७९ वर्षांच्या आहेत आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. खालचं न्हाणीघर जिन्याखाली आहे. उंबरा चार इंच, दार जेमतेम दोन फुटी. वॉकर आत जात नाही, म्हणून मी रोज त्यांना काखेत धरून नेते. हे काम निघालं ते त्या न्हाणीघरापायी.

आर्किटेक्टने दोनदा येऊन सगळं मोजलं आणि नकाशा दिला. न्हाणीघर स्वयंपाकघराच्या बाजूला वाढवायचं, आणि स्वयंपाकघराची गेलेली जागा भरून काढायला हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली अकरा फुटी भिंत काढून दोन्ही एक करायचं. मात्र त्यांची अट आहे की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी वेगळी.

ठेकेदार ह्यांच्या ओळखीतला. त्याने लेटरहेडच्या एका पानावर चौदा लाख लिहून दिलेत: ‘किचन, हॉल, दोन बाथरूम, कलर, लाइट फिटिंग कम्प्लीट’. सुरुवातीला चाळीस टक्के मागतोय. भिंतीबद्दल म्हणतो, ‘वहिनी, अशा दहा पाडल्यात. वर लोखंडी चॅनेल टाकतो, दोन दिवसांत मोकळं.’ ह्यांना इंजिनिअरची फी म्हणजे कागदावर खर्च वाटतो. मला भीती एवढीच, की त्याच भिंतीच्या बरोबर वर आमच्या झोपायच्या खोलीची भिंत आहे. शिमग्यानंतर सुरू करून पावसाआधी संपवायचं ठरतंय. कुणाचं ऐकू?

द्वारका_०१

एवढं घाबरू नका. आमच्या फ्लॅटमधली किचनची भिंत पाडून आठ वर्षं झाली, एक तडासुद्धा नाही.

ओळंबा

द्वारका, तुमचा फ्लॅट कॉलम-बीमवर उभा असणार आणि ती भिंत साडेचार इंची असणार. ती नुसती आडोसा असते, स्लॅबचा भार बीममधून कॉलमवर जातो. ताईंचं घर वेगळं असू शकतं. मी पंचवीस वर्षं साइटवर काढली आहेत. इंदिरानगर, सिडको, सातपूर भागातली त्या काळातली बरीच घरं मी लोडबेअरिंग पाहिली, म्हणजे विटांच्या भिंतीच स्लॅब धरून आहेत.

ताई, घरी आधी हे बघा. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजा. प्लास्टर धरून दहा इंचांच्या आसपास भरली तर ती नऊ इंची भिंत. मग छताकडे पाहा, भिंतीच्या रेषेत खाली उतरलेला बीम दिसतो का? भिंत नऊ इंची, बीम नाही आणि वरच्या मजल्यावरची भिंत त्याच रेषेत असेल, तर तुमची भीती खरी आहे. तुमच्या झोपायच्या खोलीची भिंत आणि बहुधा गच्चीच्या स्लॅबचा काही भार त्या अकरा फुटांवरून पायात उतरतोय.

आता चॅनेलचं. अशा घरात एकच स्लॅब दोन्ही खोल्यांवरून सलग गेलेला असतो. मधल्या भिंतीवर त्याला वरच्या बाजूने ताण बसतो, म्हणून तिथे मुख्य सळई वरच्या अंगाला टाकतात. भिंत काढली की तोच भाग मधोमध लटकतो, ताण खालच्या अंगाला येतो आणि तिथे पुरेशी सळई नसते. मापाशिवाय टाकलेला चॅनेल अकरा फुटांत थोडा वाकला तरी वरच्या खोलीत तिरकी भेग पडते. आणि चॅनेलची दोन टोकं टेकणार कशावर? आधी सगळा भार पूर्ण लांबीभर पसरलेला होता, आता तो दोन ठिकाणी एकवटणार. तिथली वीट चुरडू नये म्हणून काँक्रीटचा बेड ब्लॉक लागतो, कधी खालचा पायाही वाढवावा लागतो. आपल्याकडे काळी माती लागली असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया किती खोल नेलाय हे एका ठिकाणी उकरून बघायला हवं. हे सगळं इंजिनिअर पाहतो. ती फी कागदाची नाही.

माझं विचाराल तर अकरा फूट काढूच नका. पाच फुटांचं मोकळं दार ठेवा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट भिंत राहू द्या. उजेड येईल, आईंचा वॉकर सरळ जाईल, बीमही आटोक्यात राहील. तेही इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर, आणि वरचा भार पेलणारे जॅक लावल्याशिवाय हातोडा उचलू द्यायचा नाही. नवा बीम काँक्रीटचा असेल तर त्याखालचे टेकू सहा मीटरपर्यंतच्या बीमला किमान चौदा दिवस काढत नाहीत. भारतीय मानकातच तसं आहे. म्हणजे दोन दिवसांचा हिशेब तिथेच चुकला. भारवाही भिंतीला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते का, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

पाटावरची

कर्दळताई, भिंतीचं ओळंबादादांनी सांगितलंच. मी न्हाणीघराचं सांगते, कारण त्यात मी पोळले आहे.

आमचं काम गंगापूर रोडला तीन वर्षांपूर्वी झालं. आमच्याकडेही एका पानाचं कोटेशन होतं. त्यात वॉटरप्रूफिंग हा शब्द होता, पण कशाने, किती थर, चाचणी कोणती, काहीच नाही. टाइल बसवायच्या आधी पाणी भरून ठेवा म्हटलं तर ‘वेळ जातो’ म्हणाला. आम्ही गप्प बसलो. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या भिंतीला ओल आली आणि पापुद्रे सुटले. शेवटी टाइल फोडून सगळं दुसऱ्यांदा केलं. तुम्ही टाइलच्या आधी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं भोक, बंद करून दोन-तीन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास ठेवाच, आणि वरच्या न्हाणीघराखालचं छत रोज हाताने चाचपून पाहा. पैशाचा टप्पा त्या चाचणीनंतरच द्या.

आईंसाठी काही गोष्टी आताच नकाशात घाला, नंतर होत नाहीत. मोकळी वाट तीन फुटांची, उंबरा नको, आणि दार बाहेर उघडणारं. माझ्या सासूबाई आत पडल्या तेव्हा त्या दाराला टेकूनच पडल्या होत्या आणि दार आत उघडणारं होतं. ते वीस मिनिटांचं ढकलणं मी विसरू शकत नाही. धरायच्या दांड्या जिथे येणार ती भिंत भरीव विटांची ठेवा आणि दांडीचं माप आईंना उभं करून घ्या. सगळ्यांना एकच उंची चालत नाही. जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप आतून गंजलेले असणार. भिंत फोडलीच आहे तर तेही बदला.

ओळंबा

कोटेशनबद्दल राहिलं. ‘कम्प्लीट’ हा शब्द खोडा. आर्किटेक्टकडून आयटमवार यादी करून घ्या: प्लास्टर किती चौरस फूट, टाइलची कंपनी आणि साइज, वायर कुठल्या जाडीची. गीझरला चार चौरस मिलिमीटरची वायर आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लिहूनच ठेवा. मग तीच यादी दोन-तीन ठेकेदारांना द्या. एका पानाच्या आकड्याची तुलना कशाशीच होत नाही. चाळीस टक्के उचल देऊ नका. दहा टक्के द्या, पुढे काम मोजून बिल द्या, आणि पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. प्लास्टर मोजताना खिडक्या-दारांची जागा कशी वजा करणार तेही आधीच ठरवा, भांडणं तिथेच होतात.

वेळेचंही पाहा. पेठ-सुरगाण्याची माणसं शिमग्याला गावी गेली की आठ-दहा दिवस येत नाहीत आणि पाऊस पडला की भाताच्या आवणीला जातात. त्यात सिंहस्थाची कामं चालू आहेत, गवंडी मिळणं अवघड आहे. गच्चीचं काही असेल तर ते मृगाच्या आधी, आतलं काम नंतरही होतं. आणि मलबा नंदिनी नदीच्या काठी टाकणार नाही हे त्याच्याकडून लिहून घ्या.

कर्दळ

दोघांनाही मनापासून धन्यवाद. काल मी आणि मुलाने टेपने मोजलं. चौकटीपाशी सव्वादहा इंच भरली आणि छताला बीम नाही. ह्यांना ओळंबादादांचं सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग वर जाऊन आमच्या खोलीची भिंत हाताने ठोकत उभे राहिले. इंजिनिअर शनिवारी येणार आहेत. ठेकेदाराला उचल दिलेली नाही. यादी झाली की त्यालाही देऊ, पटली तर त्याने करावं.

पाच फुटांच्या दाराचं आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला ओट्यावरून हॉलमधलं घड्याळ दिसलं तरी पुरे.’ आर्किटेक्टना तसं कळवलंय. दार त्या रेषेत येतं का, ते बघणार आहेत. न्हाणीघराचं दार बाहेर उघडायचं हे मी स्वतः नकाशावर लाल पेनने लिहून ठेवलं. इंजिनिअर काय म्हणतात ते रविवारी इथेच लिहीन.